मुद्दाम वाट चुकणारं विमान

जुलै महिना. दिल्लीची मीटिंग आटपून तुम्ही संध्याकाळच्या फ्लाइटनं मुंबईला परत येताय. सीट बेल्टचा दिवा लागलेला, ट्रे टेबल मिटलेलं आणि खिडकीबाहेर नुसता कापूस. ठाण्याची खाडी नाही, कुठला दिवा नाही, काही नाही. शेजारचे गृहस्थ डोळे मिटून अथर्वशीर्ष पुटपुटतायत. आणि मग अचानक ढग फाटतो, घाटकोपरच्या निळ्या ताडपत्र्या एकदम अंगावर येतात आणि काही सेकंदांत चाकं टेकतात. अथर्वशीर्ष अर्ध्यावर सोडून शेजारचे गृहस्थ मोबाइल ऑन करतात.

आता प्रश्न असा, की त्या पाच-सात मिनिटांत पायलट काय बघत होता? तोही कापूसच बघत होता. त्याच्यापुढे होते दोन काटे. एक उभा, एक आडवा. उभा मध्ये असला की आपण रनवेच्या सरळ रेषेत. आडवा मध्ये असला की उतार बरोबर. हल्ली काट्यांच्या जागी स्क्रीनवर रंगीत ठिपके असतात, पण मी आपलं काटेच म्हणणार. तर या दोन काट्यांच्या भरवशावर दीड-दोनशे माणसं ढगातून खाली येतात. आणि काटा खरं बोलतोय, हे कुणी सांगितलं?

कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा आपला तराजू वजनमापेवाल्यांकडून तपासून त्यावर शिक्का मारून घेतो. विमानतळाचे काटेही असेच तपासून घ्यावे लागतात. फक्त हा तराजू जमिनीवर बसून पूर्ण तपासता येत नाही. त्यासाठी विमान न्यावं लागतं.

हे विमान तुम्ही कदाचित पाहिलंही असेल. छोटंसं, दोन पंख्यांचं. रनवेच्या दिशेनं खाली येतं, चाकं टेकणार असं वाटतं आणि भुर्रकन वर निघून जातं. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. विमानतळाजवळ राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा ठाम समज होता, की हा कुणीतरी नवशिका आहे आणि त्याला काही केल्या उतरता येत नाहीये! प्रत्यक्षात आत बसलेली मंडळी भलतीच अनुभवी असतात. एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाचं फ्लाइट इन्स्पेक्शन युनिट डॉर्निअर २२८ आणि बीचक्राफ्ट किंग एअर जातीची विमानं यासाठी वापरत आलं आहे. बोली भाषेत या कामाला ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. विमानतळावरच्या मंडळींच्या तोंडी तर ‘कॅलिब्रेशन आलंय’, असंच असतं, जसं काही पाहुणे आलेत.

कॅलिब्रेशनला ज्याची परीक्षा घ्यायची असते, त्या यंत्रणेचं नाव आयएलएस, म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम. नावाला घाबरू नका, कल्पना अगदी सोपी आहे. रनवेच्या पलीकडच्या टोकाला अँटेनांची एक आडवी रांग असते, कुंपणासारखी. विमान टॅक्सी करत असताना नीट बघितलंत तर दिसते. हा लोकलायझर. रनवेच्या बाजूला, सुरुवातीपासून तीनेकशे मीटर आत, एक उंच खांब असतो. तो ग्लाइड पाथ. दोघंही रेडिओ लहरींवर दोन सूर पाठवतात, एक ९० हर्ट्झचा आणि एक १५० हर्ट्झचा. उतरणारं विमान मधल्या रेषेच्या डावीकडे गेलं, तर ९० चा सूर जोरात येतो. उजवीकडे गेलं, तर १५० चा. उताराचंही तसंच. विमान वर राहिलं तर ९०, खाली गेलं तर १५०. विमानातला रिसीव्हर फक्त दोघांतला फरक मोजतो आणि काटा हलवतो. फरक शून्य, काटा मध्ये. बस्स. थोडक्यात, हा तराजूच आहे.

आणि इथेच खरी गोम आहे. तराजूचा काटा मध्ये कधी असतो? दोन्ही पारड्यांत सारखं वजन असलं की. बरोबर. पण दांडी दोऱ्यानं बांधून ठेवली, तरी काटा मध्येच असतो की! मग पारड्यात काहीही टाका.

असं खरंच घडलं आहे. २९ जुलै २००० ची रात्र. एअर न्यूझीलंडचं बोइंग ७६७, फ्लाइट नंबर ६०, ऑकलंडहून सामोआतल्या आपिया शहराला निघालेलं. खाली काळाकुट्ट पॅसिफिक. फालेओलो विमानतळाचा ग्लाइड पाथ ऑटोपायलटनं पकडला आणि विमान उतरू लागलं. काटे मध्ये. धोक्याची कुठलीही खूण नाही. सगळं कसं पुस्तकात असतं तसं. फक्त विमान जरा जास्तच वेगानं खाली चाललं होतं. कॉकपिटमधल्या मंडळींना बाहेरचे दिवे नको त्या जागी दिसले, अंतर आणि उंचीचा मेळ बसेना आणि त्यांनी इंजिनांना पूर्ण जोर देऊन विमान वर खेचलं. तेव्हा ते पाण्यापासून ४०० फुटांच्याही खाली होतं आणि रनवे होता अजून साधारण साडेपाच सागरी मैल लांब. तीन अंशांच्या नेहमीच्या उतारावर त्या जागी विमान सतराशे फुटांच्या आसपास असायला हवं होतं. हिशेब तुम्हीच करा.

काय झालं होतं? ग्लाइड पाथच्या ट्रान्समीटरचा जो भाग त्या दोन सुरांत फरक पाडतो, तोच बंद पडला होता. दोन्ही सूर जात होते, जोरात जात होते, पण वर-खाली सगळीकडे सारखेच. म्हणजे रिसीव्हरच्या दृष्टीनं विमान कुठेही असलं, तरी फरक शून्य, काटा मध्ये. दांडी बांधलेला तराजू! अशा वेळी यंत्रणेवर नजर ठेवणारा मॉनिटर ती आपोआप बंद करतो. पण दुरुस्तीच्या काळात त्याला बाजूला ठेवणारी जी कळ असते, ती तशीच राहिली होती, आणि टॉवरपर्यंत खबर नेणारी केबल तुटलेली होती. विमान दुसऱ्या फेरीत ग्लाइड पाथवर विसंबून न राहता सुखरूप उतरलं. पुढे या प्रकारावर वैमानिकांसाठी एक फिल्म निघाली. तिचं नाव ‘अ फ्री लेसन’. फुकटातला धडा! नाव ज्यानं ठेवलं, त्याला माझा सलाम.

तर कॅलिब्रेशनचं विमान नेमकं काय करतं, हे आता लक्षात येईल. नुसतं सरळ रेषेत येऊन, काटा मध्ये आहे, ओके, टिक मार्क, असं चालणार नाही. सामोआतही काटा मध्येच होता. म्हणून हे विमान मुद्दाम चुकतं. रनवेकडे जाणारी रेषा सोडून लांबून आडवं, गोलाकार जातं. एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३५ अंशांपर्यंत. वाटेत काटा पूर्ण एका टोकाला, मग बरोबर मध्यावर आणि मग पूर्ण दुसऱ्या टोकाला जायलाच पाहिजे. मधेच कुठे ‘तू बरोबर आहेस’ असं खोटं सांगता कामा नये. मग उंची अजिबात न बदलता, समजा १५०० फुटांवर, विमान सरळ रनवेकडे चालत येतं. सुरुवातीला उताराच्या खाली, म्हणून काटा ‘वर जा, वर जा’ म्हणत असतो. रनवेपासून साधारण पावणेपाच सागरी मैलांवर तो मध्ये यायला हवा आणि पुढे ‘खाली जा’ म्हणायला हवा. त्यानंतर त्यातला सगळ्यात अंगावर काटा आणणारा भाग, म्हणजे विमान हिशेबानं, ठरवून, बरोबर उताराच्या खालून येतं. टेकड्या आणि इमारतींच्या जास्त जवळून. कशासाठी? तर उद्या एखादा पायलट चुकून इतका खाली आलाच, तर त्याचा काटा ‘वर जा’ म्हणून ओरडतो की नाही, हे बघायला.

पण माझा सगळ्यात आवडता भाग वेगळाच आहे. जमिनीवर ट्रान्समीटरच्या खोलीत बसलेले इंजिनिअर, ज्यांना विमानतळावर सीएनएसवाले म्हणतात, ते विमानातून सूचना आली की यंत्रणा मुद्दाम बिघडवतात. रेषा थोडी डावीकडे सरकवतात, मग थोडी उजवीकडे. उतार जरासा चढा करतात, मग जरासा उथळ. अगदी मॉनिटर बोंब मारेल त्या काठापर्यंत. आणि वरचं विमान त्या बिघडलेल्या वाटेवरून उडून मोजतं, की मॉनिटरनं बोंब मारेपर्यंत प्रत्यक्षात वाट किती सरकली होती. बोंब मारल्यावर यंत्रणा बंद व्हायलाही मुदत असते. साध्या कॅट वन लोकलायझरला १० सेकंद. दाट धुक्यासाठीच्या कॅट थ्रीला फक्त २.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. या कामात बरीच वर्षं काढून रिटायर झालेले. एका रविवारी चहाला गाठलं त्यांना. म्हटलं, “काका, विमान स्वतः कुठे आहे हेच जर त्या काट्यावरून ठरतं, तर काटा चुकीचा आहे हे विमानाला कळणार कसं?”

काका खूश झाले. “हा प्रश्न विचारलास ना, मग तुला अर्धं कॅलिब्रेशन कळलं,” म्हणाले. “अरे, त्याला तिसरा साक्षीदार लागतो. आता जीपीएसची दुरुस्त केलेली पोझिशन मिळते, कॉम्प्युटर सगळा आलेख काढून देतो. आमच्या वेळी थिओडोलाइट. रनवेशेजारी तिपाईवर दुर्बीण लावून उभं राहायचं आणि येणारं विमान टिपून ठेवायचं. जरा मान हलली की गेलं.”

“आणि ऊन?”

“ऊन परवडलं रे. धुरकट हवेत विमान दिसायचंच नाही, दिवस फुकट.”

म्हणजे बघा, न दिसता उतरता यावं म्हणून जी यंत्रणा, ती तपासायला मात्र लख्ख उजेड हवा!

काकांनी मग वहीच्या मागच्या पानावर एक रेघ काढून दाखवली. सरळ नव्हे, जराशी थरथरती. आकाशातली वाट कागदावरच्या पट्टीसारखी सरळ नसतेच, म्हणाले. हँगर, इमारती, कुंपणं, उभी विमानं, सगळ्यांवर लहरी आपटतात आणि वाटेला बाक येतात. किती बाक चालेल, याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. काटा मध्यापासून टोकाला जायला १५० मायक्रोअँपिअर लागतात. कॅट वनच्या शेवटच्या टप्प्यात बाकाला त्याच्या फक्त दहाव्या भागाची, म्हणजे १५ ची मुभा. आणि मधली रेषा रनवेच्या तोंडाशी प्रत्यक्ष मध्यापासून किती हलावी? कॅट वनला साडेदहा मीटर. कॅट थ्रीला ३ मीटर. मुंबईत रिक्षावाले लेन पाळत नाहीत हो, आणि इथे कित्येक किलोमीटर लांबीची न दिसणारी लेन ३ मीटरांत बसवायची आहे.

ग्लाइड पाथची गंमत तर आणखी न्यारी. तो नुसता खांबावरच्या अँटेनातून तयार होत नाही. अँटेनातून थेट निघालेली लहर आणि समोरच्या जमिनीवर आपटून वर आलेली लहर, या दोघींच्या बेरजेतून तो उतार बनतो. म्हणजे समोरची जमीन हा यंत्राचाच भाग झाला! म्हणून ती सपाट राखायची, गवत वाढू द्यायचं नाही, तिथे गाडी उभी करायची नाही. पावसाळ्यात रनवेच्या बाजूला गवत कापणारी माणसं दिसली, तर ती बागकाम करतायत असं समजू नका.

आणि यंत्रणा ठणठणीत असली, तरी समोर कोण येईल सांगता येत नाही. ३ नोव्हेंबर २०११ ला म्युनिकमध्ये सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७ ऑटोपायलटवर उतरत होतं. त्याच वेळी पुढून एक छोटं जेट टेक-ऑफ करून लोकलायझरच्या अँटेनांवरून गेलं. लहरी विस्कटल्या आणि ७७७ आधी रनवेच्या डावीकडच्या गवतात गेलं, मग परत रनवे ओलांडून उजवीकडच्या. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. कॅलिब्रेशन अशा क्षणांची हमी देत नाही. ते एवढंच सांगतं, की वाट मोकळी असेल तर वाट बरोबर आहे.

हे सगळं सुरू कुठून झालं? दोन सूर तोलायची कल्पना फार जुनी आहे. २४ सप्टेंबर १९२९ ला अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल नावाचा पठ्ठ्या विमानाच्या मागच्या कॉकपिटमध्ये बसला. वरून झापड बंद, बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. पुढच्या सीटवर बेन केल्सी, गरज पडली तर सावरायला, पण त्यानं हात बाहेरच्यांना दिसतील असे ठेवलेले, म्हणजे कुणी ‘हा चालवत होता’ म्हणायला नको. डूलिटलपुढे जायरोवर चालणारी नवी यंत्रं, बारीक फरक दाखवणारा उंचीमापक आणि रेडिओवर थरथरणाऱ्या दोन पट्ट्या. दोन्हींची लांबी सारखी दिसली, की विमान वाटेवर. तोच आपला तराजू! पंधरा मिनिटांत उड्डाण, फेरी आणि लँडिंग, सगळं न बघता. पहिलं पूर्ण ‘आंधळं’ उड्डाण ते हेच.

बरोबर ४३ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ ला, जपान एअरलाइन्सचं डीसी-८ मुंबईत सांताक्रूझऐवजी चक्क जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि तिच्या पलीकडे जाऊन थांबलं. माणसं वाचली, विमान भंगारात गेलं. तिथे अंधार नव्हता. डोळ्यांनी रनवे शोधला आणि दिसला तो शेजारचा! तारखेचा हा योगायोग मला सापडला, तेव्हा मी दोनदा कॅलेंडर बघितलं.

या कामाला ग्लॅमर नाही, जोखीम मात्र आहे. जमिनीजवळ, कमी वेगानं, पुन्हा पुन्हा आणि तेही चालू विमानतळाच्या गर्दीत उडायचं. १६ मे २०१९ ला दुबईत कॅलिब्रेशनसाठी उडणारं डायमंड डीए६२ जातीचं छोटं विमान, पुढे गेलेल्या एअरबस ए३५० नं हवेत सोडलेल्या भोवऱ्यात सापडून कोसळलं. आत चार माणसं होती. चौघंही गेली.

‘पण आता जीपीएस आहे ना?’ असं तुमच्यातला गॅजेटवाला म्हणेलच. आहे. आपली स्वतःची गगन यंत्रणा उपग्रहांच्या खुणा दुरुस्त करून देते आणि २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान तिच्या मदतीनं उतरलंही. मोठी गोष्ट आहे. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत काय झालं ते आठवा. रनवे १० वर जीपीएसच्या आधारानं उतरणाऱ्या काही विमानांना खोट्या सिग्नलचा त्रास झाला, आणि सरकारनं तो संसदेतही मान्य केला. कामी आले दुसरे रनवे, जिथे जुन्या पद्धतीची जमिनीवरची रेडिओ यंत्रणा होती. उपग्रहाचा सिग्नल जमिनीपर्यंत येतो तेव्हा इतका क्षीण असतो, की जवळचा खोटा आवाज त्याला सहज दाबतो. म्हणून नव्याच्या जोडीला जुनं मोडीत न काढता राखून ठेवायचं धोरण आहे, आणि मला ते शंभर टक्के पटतं. शिवाय उपग्रहांची वाटसुद्धा कुणीतरी आधी उडून बघावीच लागते.

नवी मुंबईचंच घ्या. ११ ऑक्टोबर २०२४ ला तिथे हवाई दलाचं सी-२९५ उतरलं, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. २९ डिसेंबरला इंडिगोचं एअरबस आलं, तेव्हाही पाण्याचे फवारे आणि कॅमेरे. २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी उडू लागले, मग तर सेल्फीच सेल्फी. त्याआधी त्या डोंगरांच्या कुशीत कॅलिब्रेशनचं छोटं विमान येऊन रेषा आणि उतार मोजून गेलं, त्याच्या स्वागताला मात्र ढोल-ताशा नव्हता. आणि हे एकदाचं काम नाही. ठरावीक महिन्यांनी ते परत येतं, प्रत्येक विमानतळावर.

काकांना निघताना विचारलं, एका रनवेला साधारण किती फेऱ्या होतात? ते म्हणाले, मोजायचं कशाला. लांबून आडवं, सपाट उंचीवर, वरून, खालून, रेषा डावीकडे सरकवून, उजवीकडे सरकवून, उतार चढा करून, उथळ करून, सगळं आटपतं. आकडे जुळतात. खाली खोलीतले सीएनएसवाले हुश्श करून चहाचा कप उचलतात. तेवढ्यात वरून रेडिओवर आवाज येतो, “ट्रान्समीटर वन झाला. आता टू वर घ्या.”

कारण प्रत्येक यंत्रणेत ट्रान्समीटर दोन असतात. एक बंद पडला, तर दुसरा. आणि दुसऱ्याची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.